हात न टेकता

आमच्या घरमालकांना शंभर वर्षं जगायचं होतं आणि ही गोष्ट ते कुणापासून लपवत नसत. इतर लोक "आता काय राहिलंय, जगलो तेवढं पुष्कळ झालं" असं तोंडाने म्हणतात आणि गुपचूप रक्ततपासणीला जातात. काकांचं तसं नव्हतं. कुणी "काय साहेब, बरं चाललंय ना?" असं विचारलं, की ते शांतपणे सांगत, "शंभर गाठायचीत. सध्या तरी ठरल्याप्रमाणे चाललंय." समोरचा हसलाच, तर हसू पूर्ण व्हायच्या आत त्याला ते आवरावं लागे, अशी त्यांची नजर होती.

येरवड्यात जुन्या सरकारी नोकरांची एक सोसायटी आहे. तिथे त्यांचं दुमजली घर. खाली काका आणि त्यांची धाकटी बहीण बेबीताई. वर एक खोली, छोटं स्वयंपाकघर आणि गच्ची, ती भाड्याने. मी तेव्हा अंबाजोगाईहून पुण्याला आले होते आणि वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायला लागले होते. "एकट्या मुलीला खोली मिळेल" असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. पांढरा सदरा-पायजमा घातलेले, काटक, ताठ असे गृहस्थ समोर आले. मी भाडं विचारलं.

"भाड्याचं नंतर बोलू," ते म्हणाले. "आधी खाली बसा."

मला वाटलं, घरात खुर्च्या नसतील. मी सतरंजीवर मांडी घालून बसले.

"आता उठा. हात न टेकता. गुडघ्यावरही हात ठेवायचा नाही."

मी हसले. ते हसले नाहीत. मग मी उठायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर गेले, तिथे काही क्षण थांबले, आणि पुन्हा होते तिथेच बसले. त्या दिवशी सकाळी मी मिसळ आणि वर दोन वडे खाल्ले होते, हे सांगायला हवं. दुसऱ्यांदा प्रयत्न करताना मी हात जमिनीवर टेकणार, इतक्यात आतल्या खोलीतून एक पन्नाशीपुढच्या बाई आल्या. अंगात फुलाफुलांचा गाऊन, केसांच्या दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी. त्यांनी सरळ माझ्यासमोर हात धरला.

"बेबी, हात द्यायचा नाही," काका म्हणाले. "परीक्षा चालू आहे."

बेबीताईंनी चटकन हात पाठीमागे लपवला. मी जमिनीवर हात टेकून उठले, तेव्हा त्या आनंदाने म्हणाल्या, "नापास!"

"आपण नापास झालात," काकांनी दुजोरा दिला. "या वयात हे बरं नाही. खोली मिळेल. जिना चढून-उतरून सुधारणा होईल. पास झालेल्यांवर तो जिना वाया जातो."

त्या जिन्याच्या तोंडाशी एक पाटी होती: "कठडा धरू नये." खाली सही नाही, कारण नाही. सामान वर नेताना टेम्पोवाल्याने ती वाचली आणि मला विचारलं, "ताई, करंट येतो का?"

पहिले काही महिने मी त्यांना विक्षिप्त म्हाताऱ्यांच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते. काका सकाळी दात घासताना एका पायावर उभे राहत; वरची रांग डाव्या पायावर, खालची उजव्या. पेपर उकिडवे बसून वाचत. घरात वॉशिंग मशीन होतं, पण कपडे ते हाताने पिळत. माणसाच्या मुठीत जोर असेल तर आयुष्य असतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे नवीन माणसाशी ते हस्तांदोलन करत आणि नंतर त्याचं भविष्य सांगत. सोसायटीच्या चेअरमनचा हात हातात घेऊन ते एकदा म्हणाले होते, "मुदत पाच वर्षांची आहे ना? बघा, जमेल बहुधा." चेअरमन त्यानंतर बरेच दिवस आमच्या गल्लीतून जात नसत.

रात्रीचं जेवण सूर्यास्ताच्या आत. त्याचं त्यांच्याजवळ स्वतःचं समर्थन होतं. "भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. मी गृहस्थ आहे, मला सूर्यास्तापर्यंतची सवलत." घरात बुद्धमूर्ती होती, तिच्यासमोर रोज सकाळी बहीण-भाऊ मिळून वंदना म्हणत. बेबीताईंचा आवाज मोठा आणि सुरात, काका पुटपुटत. मी एकदा चावटपणा करून विचारलं, "काका, सगळं अनित्य आहे असं रोज सकाळी म्हणता आणि मग लगेच प्राणायामाला बसता. हे कसं काय?"

"अनित्य आहे हे मान्यच आहे," ते म्हणाले. "पण लवकर अनित्य व्हावं असं कुठे लिहिलंय?"

माझी राहणी त्यांना खुपत असे. मी संध्याकाळी दमून आले की भजी तळायची. गच्चीत पाय पसरून, चहाबरोबर, रिल्स बघत ती खायची, हे माझ्या पुण्यातल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेट होई.

"मॅडम, काल वास खालपर्यंत आला."

"सॉरी काका."

"माझी कशाला माफी मागताय? आपल्या यकृताची मागा."

मग एक दिवस त्यांच्या वाचनात आलं, की व्यायाम-आहार सगळं ठीक, पण ज्यांना माणसं असतात ते जास्त जगतात. एकटेपणा सिगारेटइतकाच वाईट. काकांनी ते गांभीर्याने घेतलं. प्रथम ते बागेतल्या हास्यक्लबात गेले आणि दुसऱ्याच दिवशी बंद केलं. "कारण नसताना हसायचं मला जमत नाही. पुण्यात कारण असतानाही कोणी हसत नाही." मग त्यांनी माझ्यावर मोर्चा वळवला. संध्याकाळी त्यांचं जेवण झालं, की दारावर टकटक व्हायची.

"थोडा वेळ मैत्री करायला आलोय. आपल्याला सवड आहे ना?"

ते गच्चीत खुर्चीच्या कडेवर बसत आणि मी काय बोलते याची वाट पाहत. मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नसे, त्यांनाही नसे. सुरुवातीला आम्ही दोघं नगर रोडच्या ट्रॅफिकवर बोलायचो, कारण त्यावर दोन शत्रूसुद्धा एकमताने बोलू शकतात. थोड्या वेळाने ते उठत, अर्थात हात न टेकता, आणि म्हणत, "झाली आजची. येतो." मला त्याचा आधी राग यायचा, मग गंमत वाटायला लागली, आणि मग एखाद्या दिवशी ते आले नाहीत तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

अशाच एका संध्याकाळी, हातात भजं धरून, मी त्यांना सरळ विचारलं, "काका, शंभर वर्षं जगून करायचंय तरी काय तुम्हाला?"

खाली अंगणात पायरीवर बेबीताई बसल्या होत्या. त्या दिवसभर तिथेच बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत. काकांनी कठड्यावरून खाली एक नजर टाकली.

"बेबीची समज सात-आठ वर्षांच्या मुलीची आहे, हे आपल्याला कळलं असेलच. आई गेली तेव्हा तिने बेबीचा हात माझ्या हातात दिला. म्हणाली, हिच्या आधी जाऊ नकोस. मी हो म्हणालो. वय बघायचं तेव्हा सुचलं नाही. बेबी माझ्याहून बरीच लहान आहे. आणि आमच्या घरात साठी पाहिलेला पुरुष नव्हता. वडील, चुलते, थोरला भाऊ, सगळे छातीत कळ येऊन गेले. मी पहिला, जो पलीकडे आलो. मला तिच्यानंतर एक दिवस हवाय, मॅडम. जास्त हाव नाही. तिचं सगळं नीट करायचं, घराला कुलूप लावायचं, आणि मग माझी काही हरकत नाही."

मी भजं परत ताटलीत ठेवलं. त्या दिवसानंतर त्यांचं एका पायावर उभं राहणं, ते पिळलेले टॉवेल, सूर्यास्ताकडे डोळा ठेवून घाईने मोडलेली भाकरी, यातलं काहीच मला हसण्यासारखं वाटेना. लग्न त्यांनी केलं नव्हतं. बहुधा त्याचंही कारण पायरीवर बसलेलं होतं.

बेबीताईंना ते फुलासारखं जपत, असं सोसायटीत सगळे म्हणत. ते खरंच होतं. त्यांच्या वेण्या काका घालत. अगदी घट्ट, सारख्या, शाळेतल्या मुलींच्या असतात तशा. संत्रं सोलून, बिया काढून देत. भाकरीचे तुकडे करून दुधात कुस्करून समोर ठेवत. चपलेचा पट्टा वाकून लावत. कधी बेबीताईंनी मटारची शेंग हातात घेतली, की काका ती हळूच काढून घेत आणि म्हणत, "राहू दे. मी आहे ना." दिवसातून कितीदा तरी हे वाक्य त्या घरात ऐकू येई. बेबीताई पाण्याच्या तांब्याकडे वळल्या की, "मी आहे ना." फाटकाची कडी काढायला गेल्या की, "मी आहे ना." गॅसच्या ओट्यापाशी त्यांनी जायचंच नाही, जिना चढायचाच नाही. मी एकदा त्यावरून टोकलं, तर म्हणाले, "लोक जिममध्ये जाऊन लोखंड उचलतात. मला बेबीचं काम आहे. तोच माझा व्यायाम. ती आहे म्हणून मी हलता-फिरता आहे."

शेजारच्या घरातल्या शेखभाभींना हे पटत नसे. त्यांचं माहेर कॅम्पातलं, सासर येरवड्यात, दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातली, त्यामुळे टोमण्यात त्या काकांना पुरून उरत. भिंतीपलीकडून म्हणायच्या, "साहेब, त्या पोरीला हातपाय दिलेत हो वरच्याने. वापरून तर बघू द्या एकदा." काका उत्तर देत, "आपला सल्ला नोंदवला आहे." सरकारी नोकरीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडी याचा अर्थ काय होतो, ते भाभींना माहीत होतं.

वैशाख पौर्णिमेला मात्र घर वेगळं असे. पांढऱ्या साडीतल्या बेबीताई, उदबत्तीचा वास, आणि मोठ्या पातेल्यात खीर. काका स्वतःपुरती खजूर घातलेली वेगळी करत. साखर त्यांच्या लेखी विष होतं. सोसायटीभर खीर वाटायची, पहिला डबा शेखभाभींकडे. एका वर्षी बेबीताईंनी आपल्या वाटीतली साखरेची खीर चमच्यात घेतली आणि भावाच्या तोंडापुढे धरली. "खा दादा. एवढ्याने नाही मरत." काकांनी ती खाल्ली. डोळे मिटून, बराच वेळ तोंडात घोळवून. संध्याकाळी ते नेहमीपेक्षा लांब फिरून आले, पण चमचाभर खीर त्यांना किती आवडली होती ते मी पाहिलं होतं.

ते पडले एका रविवारी सकाळी. दात घासताना, एका पायावर. ज्या व्यायामाने म्हातारपणी पडणं टळतं असं ते मला नेहमी समजावत, तो करतानाच. बाथरूमची फरशी ओली होती, एवढंच.

मला आवाज आला नाही. माझ्या दारावर टकटक झाली, मला वाटलं मैत्रीची वेळ बदलली की काय. दार उघडलं तर बेबीताई. त्या जिना चढून आल्या होत्या. आजवर कधीही त्यांना त्या जिन्याला पाय लावू दिला नव्हता. दोन्ही हातांनी कठडा गच्च धरलेला, चेहरा पांढराफटक.

"दादा खाली बसलाय," त्या म्हणाल्या. "उठत नाहीये. मी हात दिला, तरी उठत नाहीये."

खुब्याचं हाड मोडलं होतं. स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी ओठ घट्ट मिटलेले होते. मी जवळ वाकले तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "बेबीची वेणी राहिलीय."

त्यांचं ऑपरेशन झालं, मग थोडा ताप आला, मुक्काम लांबला. दिवसा शेखभाभी बेबीताईंकडे बघायच्या, संध्याकाळनंतर मी. आता इथे मी काही फार विचारपूर्वक वागले, असं कुणी समजू नये. पेपर तपासायचे होते, कॉलेज होतं, दवाखाना होता, आणि मला स्वतःचंच जेवण धड करायला होत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मी ताट वाढलं. बेबीताई ताटासमोर बसून राहिल्या.

"जेवा ना, बेबीताई."

"दादा मोडतो भाकरी."

"दादा दवाखान्यात आहेत. आज तुम्ही मोडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग भाकरीकडे. मग दोन्ही हातांनी ती अशी मोडली की अर्धी सतरंजीवर गेली. आम्ही दोघी ते तुकडे वेचत हसलो. दुसऱ्या दिवशी सतरंजीवर कमी पडली.

मग एकातून एक सुरू झालं. मी घाईत असले की म्हणायची, "बेबीताई, एवढं करता का?" आणि त्या करायच्या. पीठ मळायला त्यांना फार आवडायचं; त्यांच्या हातात जोर होता, काकांनी हस्तांदोलन केलं असतं तर शंभरच्या वरचं भविष्य सांगितलं असतं. शेखभाभींनी लायटरने गॅस पेटवायला शिकवला. पेटवायचा, मग भांडं ठेवायचं, बंद केला की दोनदा बघायचं. "दो बार बघायचं, बेबी. एक बार तुझ्यासाठी, एक बार माझ्यासाठी." एकदा त्यांच्या बोटाला तवा लागला. त्या रडल्या, मी बोट गार पाण्यात धरलं, आणि रडणं थांबल्यावर त्या पुन्हा तव्यापाशी गेल्या. वेण्या त्या स्वतः घालायला लागल्या. एक वर, एक खाली.

दवाखान्यात काका रोज विचारायचे, "वेणी कोण घालतं?" मी विषय टाळायची. एका संध्याकाळी टाळला नाही.

"त्या स्वतः घालतात. वाकड्या येतात. भाकरीही करतात. बोटाला थोडा चटका बसला होता परवा, आता बरा आहे."

काका उशीवरून उठायला बघत होते. "आपण तिला गॅसपाशी जाऊ दिलंत?"

"हो."

"मी तिला पन्नास वर्षं त्या ओट्याजवळ जाऊ दिलं नाही. पन्नास वर्षं! आणि आपण चार दिवसांत… आपल्याला कुणी सांगितलं होतं? आपण भाडेकरू आहात."

"मी भाडेकरूच आहे," मी म्हटलं. माझाही आवाज चढला, शेजारच्या खाटेवरचा माणूस बघायला लागला. "पण काका, त्या दिवशी तुम्ही बाथरूममध्ये पडला होतात आणि त्या कठडा धरून माझ्याकडे आल्या. त्या आल्या नसत्या तर? तुम्हाला त्यांच्यानंतर एक दिवस हवाय. नाही मिळाला तर काय करायचं त्यांनी? पायरीवर बसून राहायचं, कुणी भाकरी मोडून देईपर्यंत?"

काकांनी तोंड भिंतीकडे केलं. मी बाहेर आले आणि रिक्षात बसून घरापर्यंत रडले. रागानेच रडत होते, पण त्या रागात निम्मी त्यांच्याबद्दलची मायाच होती.

दुसऱ्या दिवशी मी बेबीताईंना घेऊन गेले. त्यांनी हट्टाने डबा बरोबर घेतला होता. भाकरीचा आकार सांगता येण्यासारखा नव्हता. कडा जाड, मध्ये पातळ, एका बाजूला काळी. भाजीही त्यांचीच. काकांनी घास घेतला. ते नेहमीच सावकाश चावत, त्या दिवशी जरा जास्तच सावकाश. बेबीताई खाटेच्या कडेला उभ्या राहून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

"मीठ जास्त झालंय," काका म्हणाले.

"उद्या कमी घालीन," बेबीताई म्हणाल्या.

काकांनी घास गिळला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या म्हणाली." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला त्यांनी हातही वर केला नाही. बेबीताईंना वाटलं, भाजी तिखट झाली. त्यांनी पाण्याचा ग्लास भरून त्यांच्या हातात दिला. तोही पहिल्यांदाच.

बेबीताई नर्सकडे बघायला दारापर्यंत गेल्या, तेव्हा काका मला म्हणाले, "मी सगळा जन्म स्वतःचं आयुष्य वाढवत बसलो, मॅडम. हिला वाढवायचं राहूनच गेलं. आईने मला जाऊ नकोस सांगितलं होतं. हिला बसवून ठेव, असं नव्हतं सांगितलं." मी डबा धुऊन आणला.

घरी आल्यावर त्यांना वॉकर घेऊन चालायचं होतं. पहिल्या दिवशी ते खुर्चीतून उठायला लागले, अर्ध्यावर गेले आणि थांबले. त्यांचा चेहरा मी ओळखला. सतरंजीवर माझा तसाच झाला असणार. बेबीताई पुढे आल्या. हात अर्धा पुढे केला आणि मध्येच थांबवून विचारलं, "परीक्षा चालू आहे का?"

"नाही," काका म्हणाले. "परीक्षा संपली." आणि त्यांनी तो हात धरला.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला हाक मारून सांगितलं, "जिन्यातली ती पाटी काढून टाका. मूर्खपणा आहे तो."

नंतरचे काका मला जास्त आठवतात, का कुणास ठाऊक. सकाळची वंदना, ज्वारीची भाकरी, सूर्यास्ताआधीचं जेवण, टॉवेल पिळणं, हे सगळं तसंच चालू होतं. सवयी काही एका हाडाबरोबर मोडत नाहीत. पण दिवसाचा बराचसा वेळ ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि बेबीताईंना शिकवत. शिकवण्याची पद्धत त्यांचीच, साहेबी.

"दारावर अनोळखी माणूस आला. काय करायचं?"

"साखळी लावून बघायचं."

"तो म्हणाला, मी दादाचा मित्र आहे."

"दादाला मित्र नाहीत," बेबीताई म्हणायच्या.

काका माझ्याकडे बघत. "उत्तर बरोबर आहे. बहुतांशी."

बेबीताई सगळं शिकल्या असं नाही. नोटांमध्ये त्यांचा गोंधळ व्हायचा तो शेवटपर्यंत होत राहिला, घड्याळ जमलं नाही, विजेचा कडकडाट झाला की त्या पलंगाखाली जात. जे त्यांना जमणार नव्हतं, त्याच्यासाठी काकांनी माणसं जोडायला सुरुवात केली. विश्रांतवाडीत एक पुतणी होती, बँकेचं तिने बघायचं ठरलं. सकाळी भिंतीवरून शेखभाभींनी हाक मारायची, बेबीताईंनी ओ द्यायची. वरची खोली पुढे नेहमी एकट्या मुलीलाच द्यायची, आणि अट एकच: संध्याकाळचं जेवण खाली, बेबीताईंबरोबर. जो माणूस मैत्रीसुद्धा औषधासारखी वेळेवर घ्यायचा, तो घरोघर जाऊन माणसांना "आमच्याकडे येत जा हो" म्हणायला लागला. ते त्यांना जड जायचं. दारात उभे राहून घसा साफ करताना मी त्यांना पाहिलं आहे.

चेअरमनने एकदा लांबूनच विचारलं, "काय साहेब, शंभर ना?"

"आता तसा आग्रह नाही," काका म्हणाले.

माझं लग्न झालं आणि मी मांजरी गावात राहायला गेले. अजून थोडा ऊस शिल्लक आहे आणि बाकी सगळे टॉवर आहेत, अशा ठिकाणी. निघताना मी काकांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "उठताना हात टेकलात तरी चालेल." त्यांच्याकडून मिळालेला हाच माझा आहेर.

ते गेले हिवाळ्यात, दुपारी जेवणानंतर, त्याच खुर्चीत. शंभरी फार लांब होती. पण त्यांच्या घरातला कुठलाच पुरुष इतक्या पुढे आला नव्हता. शेखभाभींनी मला फोनवर सांगितलं ते असं: बेबीताईंनी आधी दादाला हात दिला. दादा उठला नाही. मग त्यांनी गॅस बंद केला, दोनदा बघितला, चपला घातल्या, दाराला बाहेरून कडी लावली आणि भाभींच्या दारात येऊन सांगितलं, "दादा उठत नाहीये. आता नाही उठणार." पलंगाखाली त्या गेल्या नाहीत. रडल्या मात्र खूप. भाभी म्हणाल्या, "अगं, मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचं कौतुक केलं, आणि ऐकायला साहेब नाहीत."

काही महिन्यांनी मी भेटायला गेले. बेबीताईंच्या केसांत आता पांढरं बरंच होतं. वेण्या तशाच, एक वर, एक खाली. त्यांनी मला चहा करून दिला, बिनसाखरेचा. "साखर विष आहे," असं बजावून स्वतःच्या कपात दोन चमचे घातली. वरची मुलगी नोकरी बदलून गेली होती, म्हणून शेखभाभींनी खोलीसाठी एका नव्या मुलीला बोलावलं होतं. ती आली तेव्हा आम्ही चहा पीत होतो. पाठीवर लॅपटॉपची बॅग, लातूरकडची, पुण्याला घाबरलेली. साखळी लावलेल्या फटीतून बेबीताईंनी तिला नीट बघून घेतलं, मग आत घेतलं.

"भाडं किती आहे, आजी?" मुलीने विचारलं.

"भाड्याचं नंतर," बेबीताई म्हणाल्या. "आधी खाली बसा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी चहात लक्ष घातलं. ती बॅग बाजूला ठेवून सतरंजीवर बसली.

"आता उठा. हात न टेकता."

ती हसली. बेबीताई हसल्या नाहीत. ती नजर मी ओळखत होते. मुलगी उठायला लागली, अर्ध्यावर गेली, डगमगली, आणि तिचा हात जमिनीकडे जाणार, इतक्यात बेबीताईंनी आपला हात पुढे केला.

"धरा," त्या म्हणाल्या. "मी आहे ना."

मुलगी हात धरून उभी राहिली.

"पास," बेबीताई म्हणाल्या.